ऑर्फा स्प्रॅगचा ऑक्टोबर

ऑर्फा स्प्रॅगवर नदीच्या दोन्ही काठांचा सारखाच संशय होता, आणि म्हणूनच पुलावरची घंटा तिच्याकडे होती.

आमचं हार्लो अमेरिकेत, समोरचं सेंट ब्रेंडन कॅनडात. मध्ये भरती-ओहोटीची नदी, तिच्यावर लोखंडी पूल आणि पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक नाका. ऑर्फा जन्मली पलीकडे, नांदली अलीकडे. सेंट ब्रेंडनचे लोक म्हणत, बाईचा नवरा अमेरिकन, पेन्शन अमेरिकन, ही त्यांचंच ऐकणार. आम्ही म्हणायचो, माहेर तिकडे आहे, कितीही झालं तरी जीव तिकडेच ओढणार. दोन्हीकडून सारखीच ओढ असलेलं माणूस मधोमध उभं राहील, या हिशेबाने कुणीतरी पंच म्हणून तिचं नाव सुचवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या नावावर एकमत होणं शक्यच नव्हतं, म्हणून ते टिकलं.

घंटा शाळेची होती. पितळी, लाकडी मुठीची. ऑर्फा हार्लोच्या शाळेत स्वयंपाकीण होती आणि जेवणाच्या सुट्टीला तीच ती वाजवायची. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा जुनी तिने घरी नेली. विचारून नेली की न विचारता, याबद्दलही हार्लोत दोन मतं होती.

एक जुलै त्यांचा राष्ट्रीय सण, चार जुलै आमचा. मधल्या दोन दिवसांपैकी जो कोरडा निघेल तो पुलाचा. त्या दिवशी दोन्ही गावं पुलावर जमतात. दोर ओढायचा नसतो, होड्याही पळवायच्या नसतात. आमच्या माणसाने त्यांच्या राज्यघटनेचा आरंभ तोंडपाठ म्हणायचा, त्यांच्या माणसाने आमच्या. शब्द चुकला की घंटा एकदा. आख्खा तुकडा गाळला, किंवा जो मुळात नाहीच तो घुसडला, की घंटा वाजत राहते आणि डाव तिथेच संपतो. म्हणतात की दोन काठांवरच्या दोन न्हाव्यांमध्ये कधीतरी पैज लागली होती, तेव्हापासून हे चालू आहे. खरं-खोटं न्हावीच जाणोत.

त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना त्यांचं ‘ज्याअर्थी प्रांतांनी एक होण्याची इच्छा दर्शवली आहे’ झोपेत म्हणता येतं, आणि त्यांच्या पोरांना आमचं ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’. स्वतःचं पाठ करायची वेळ कुणावर येत नाही. त्यांचा मजकूर ‘ज्याअर्थी’ने सुरू होतो. ही घटना आहे की घरभाड्याचा करार, असं आमचे लोक विचारत. शिवाय ती लंडनला मुक्कामाला होती. पूर्णपणे घरी आणायला यांना एकशे पंधरा वर्षं लागली. मुलगा मोठा होऊन वेगळा राहिला तरी कपडे धुवायला आईकडेच पाठवतो, तसं. यावर पलीकडचं उत्तर ठरलेलं असायचं: तुम्ही दारू बंद करायला घटना बदलली, मग दारू सुरू करायला पुन्हा बदलली, आणि मधली वर्षं आमच्या काठावर येऊन पीत बसलात.

जिंकणाऱ्याला तारीख मिळते. सुगीनंतरचं टर्कीचं जेवण, थँक्सगिव्हिंग, दोन्ही देशांत आहे. त्यांचं ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, आमचं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. घरोघरी ज्याचं त्याचं होतंच, पण दोन्ही गावांचं मिळून वर्षातून एकदा एक लांब टेबल लागतं. ते कुणाच्या तारखेला आणि कुणाच्या चर्चच्या तळघरात, हे पुलावर ठरतं. झाडांवर पानं असताना कसले आभार मानता, असं आम्ही त्यांना म्हणतो. सगळं गोठून गेल्यावर कशाचे मानता, असं ते आम्हाला.

ऑर्फाला ऑक्टोबर हवा होता. आणि ती पंच होती.

सेंट ब्रेंडनला धक्क्याजवळच्या गल्लीत तिचा धाकटा भाऊ राहायचा, हेझन मोवॅट. अविवाहित. खाडीच्या तोंडाशी त्याची बोट असे आणि तो शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडायचा. शेवंडींचा हंगाम त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या मध्याला उघडतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी हेझन समुद्रावर असतो, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी घरी. पण एवढंच असतं तर ऑर्फा इतर तीनशे दिवसांतून कधीही पूल ओलांडून त्याच्याकडे जेवायला गेली असती.

त्यांची आई वारली तो नोव्हेंबरचा चौथा गुरुवार होता. आईला बरं नव्हतं म्हणून हेझनने बोट काढली नव्हती. ऑर्फा बुधवारी येऊन बघून गेली होती, आई उशीला टेकून बसली होती, बोलली होती. गुरुवारी ऑर्फा नवऱ्याबरोबर नणंदेकडे बँगरला गेली, सणाच्या जेवणाला. तिच्या हार्लोच्या रिकाम्या घरात दिवसभर फोन वाजत राहिला. ती परतली तेव्हा पलीकडे आईची खोलीही आवरून झाली होती. दफनाच्या वेळी हेझन तिच्याशी एकच वाक्य बोलला.

“तुझा सण होता, ऑर्फी. आमच्याकडे साधा गुरुवार होता.”

त्यानंतर तो बोलला नाही आणि त्याने पूलही ओलांडला नाही. हे भांडण दोन्ही गावांना माहीत होतं आणि जुनं झालं होतं, एखाद्या बंद दुकानासारखं. लोकांना पाटीही दिसेनाशी होते, तसं.

लोकांना जे माहीत नव्हतं ते असं. दर शुक्रवारी ऑर्फा काळा पाव करायची. राय नावाच्या धान्याचं आणि मक्याचं पीठ, काकवी, थोडे मनुके. सगळं कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओतून वाफेवर उकडायचं, आई करायची तसं. डबा टॉवेलात गुंडाळून ती पूल ओलांडायची, हेझनच्या पायरीवर ठेवायची आणि परत यायची. पुढच्या शुक्रवारी पायरीवर धुतलेला डबा पालथा घातलेला असे. दार कधी उघडलं नाही. डबा मात्र न धुता कधी राहिला नाही.

आणि ऑक्टोबरात, सेंट ब्रेंडनच्या तळघरात, जेवायला हेझन यायचा. टेबलाच्या एका बाजूला ते बसत, दुसऱ्या बाजूला आम्ही. तो ऑर्फाच्या तिरकं समोर बसायचा. जेवणात कधीतरी, कुणाकडेही न बघता म्हणायचा, “बटाटे सरकवा.” ऑर्फा बटाटे सरकवायची. त्या दोन शब्दांवर तिचं वर्ष निघायचं. नोव्हेंबर जिंकला त्या वर्षी ते दोन शब्दही नसत.

आता गेल्या वर्षीचं.

सेंट ब्रेंडनकडून घटना म्हणायला र्‍होडा गिलमोर होत्या. तिथल्या शाळेतल्या बाई, त्यामुळे दोन्ही काठ त्यांना गिलमोरबाईच म्हणतात. बाई आमचा आरंभ म्हणत होत्या. अधिक परिपूर्ण संघ, न्याय, घरात शांतता, आणि तिथून थेट सर्वांच्या कल्याणावर गेल्या. मधलं ‘सर्वांच्या संरक्षणाची तजवीज’ गळलं. आख्खा तुकडा. हार्लोच्या बाजूच्या पहिल्या रांगेतल्यांनी पाहिलं की ऑर्फाचा हात उचलला गेला, घंटेची जीभ आतल्या आत हलली, आणि हात पुन्हा मांडीवर आला. बाई शेवटापर्यंत गेल्या. आमच्या माणसाला त्या वर्षी दोनदा घंटा वाजली होती. ऑक्टोबर लागला.

त्या दिवसापासून लेलँड क्रॉकेटला शांत झोप नव्हती. लेलँडचं हार्लोत खिळे-रंगाचं दुकान आहे, पुलाच्या अगदी तोंडाशी. शिडीवर चढून पाटी पुसतोय असं दाखवत त्याला दोन्ही नाक्यांवर नजर ठेवता येते. पुढच्या वर्षी आपण स्वतःच उभं राहायचं, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं आणि कामाला लागला. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो ‘ज्याअर्थी’ घोकायचा आणि संध्याकाळी ऑर्फावर पाळत ठेवायचा.

त्याला दिसायचं ते असं की दर शुक्रवारी ऑर्फा टॉवेलात काहीतरी गुंडाळून पलीकडे जाते. नाक्यावरचा शिपाई त्याच्या ओळखीचा होता. शिपाई म्हणाला, विचारलं तर पाव म्हणते. कुणासाठी विचारलं तर खाणाऱ्यासाठी म्हणते. एका शुक्रवारी लेलँड रंगाचे डबे पोचवायच्या निमित्ताने पलीकडे गेला आणि ती धक्क्याजवळच्या गल्लीत वळताना त्याने पाहिली. त्या गल्लीत हेझन राहतो हे लेलँडला माहीत होतंच. पण भाऊ-बहीण बोलत नाहीत, हेही माहीत होतं. मग त्या गल्लीत दुसरं कोण? हेझनच्या भिंतीला भिंत लावून गिलमोरबाई राहत होत्या.

एवढं कळल्यावर सगळं आपोआप जुळत गेलं. न वाजलेली घंटा, दर शुक्रवारचा डबा, बाईंचं घर. लेलँडने ते दुकानात सांगितलं, दुकानातून ते न्हाव्याकडे गेलं, न्हाव्याकडून चर्चमध्ये. हिवाळा संपेपर्यंत हार्लोत असं एकही घर उरलं नाही जिथे ऑर्फा गिलमोरबाईंकडून शिकवणीचे पैसे घेते की उलट त्यांनाच देते, यावर बोलणं झालं नव्हतं. तिच्याशी वागण्यात कुणी काही बदल केला नाही. फक्त ती दुकानात आली की बोलणं हवापाण्यावर यायचं.

गंमत अशी की पलीकडेही हेच चाललं होतं. लेलँडने ऑर्फाच्या छपराची पन्हळ एप्रिलात फुकट दुरुस्त करून दिली, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. दिली होती, पण शिडीवरून तिच्या स्वयंपाकघरात डोकावता यावं म्हणून. पलीकडच्यांनी त्याचा अर्थ काढला की हार्लोवाल्यांनी पंच विकत घेतला. नाक्यावर कॅनडाचा शिपाई ऑर्फाचा टॉवेल आता उलगडून बघायला लागला.

जूनमध्ये लेलँड सरळ तिच्या घरी गेला. हा प्रसंग त्याने स्वतःच नंतर इतक्यांदा सांगितला आहे की आता सगळ्या हार्लोला पाठ आहे. ऑर्फा वाटाणे सोलत होती. तिने त्याला कॉफी ओतून दिली आणि पुन्हा वाटाण्यांपाशी बसली. लेलँडने आधी हवेवर बोलून पाहिलं. मग म्हणाला, “डेव्हिसच्या फार्मवर गेलो होतो. तू ऑक्टोबरची टर्की सांगून ठेवलीयस म्हणे. आत्तापासून.”

“नोव्हेंबरचीही सांगितलीय. दरवर्षी दोन्ही सांगते. जुलैत एक रद्द करते.”

हे त्याला माहीत नव्हतं.

“शुक्रवारी कुठे जातेस गं?”

“पलीकडे.”

“ते मला दिसतं. पलीकडे कुणाकडे?”

“लेलँड, तुला माझ्या पन्हळीतून काय दिसलं तेवढं सांग. बाकीचं मी भरून देते.”

तो हसला नाही. त्याने कप खाली ठेवला. “एकच विचारतो. गेल्या वर्षी बाईंनी तुकडा गाळला. तुला ऐकू आलं नव्हतं का?”

ऑर्फाने वाटाण्याची शेंग उघडली, अंगठ्याने दाणे भांड्यात ढकलले आणि दुसरी घेतली. लेलँड कॉफी संपेपर्यंत थांबला. शेवटी त्याने सांगितलं की या वर्षी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस छापील प्रत हातात घेऊन तिच्यामागे उभा राहील, गावाने तसं ठरवलंय. “चांगलं आहे,” ती म्हणाली. दारात तो वळला, तेव्हा ती रिकामी शेंग हातात धरून बसली होती, असं तो सांगतो. त्याला तेव्हा ते गुन्हेगाराचं बसणं वाटलं होतं.

पुलाचा दिवस धुकट उजाडला. ओहोटी होती. खाली चिखलात बगळे उभे होते आणि पाण्याचा वास वर येत होता. पुलाच्या मध्यावर ऑर्फाची खुर्ची ठेवली होती, मांडीवर घंटा. मागे छापील प्रती घेतलेले दोघे. ते एकमेकांच्याही प्रतीत डोकावत होते, कारण समोरच्याने भलताच कागद आणला नसेल कशावरून. सेंट ब्रेंडनच्या गर्दीत मागे कठड्याला टेकून हेझन उभा होता. तो दरवर्षी तिथेच उभा राहायचा, त्याच्या देशाच्या हद्दीत.

आधी गिलमोरबाई. त्यांनी आमचा आरंभ म्हटला. ‘सर्वांच्या संरक्षणाची तजवीज’ या वर्षी त्यांनी इतकं ठासून म्हटलं की आमच्या बाजूने शिट्टी आली. घंटा वाजली नाही, आणि वाजण्यासारखं काही नव्हतंही. मग लेलँड. पहिल्या ‘ज्याअर्थी’पासून शेवटापर्यंत एकाही शब्दाला न अडखळता. सेंट ब्रेंडनच्या पोरांनी त्याला तुझं लग्न आमच्यात लावून देतो म्हणून ओरडून सांगितलं. पुन्हा घंटा नाही.

बरोबरी. बरोबरी झाली तर काय, हे जुन्या लोकांना आठवावं लागलं, इतक्या वर्षांत ती झाली नव्हती. नियम असा होता की मग ज्याने त्याने आपापलं म्हणायचं.

बाई शाळेत शिकवतात, त्यामुळे त्यांना जमलं. त्यांनी आपलं ‘ज्याअर्थी’ जरा घाईने पण नीट पार पाडलं. आता लेलँड उभा राहिला. वर्षभर त्याने दुसऱ्यांचं घोकलं होतं. स्वतःचं कुणी घोकतं का? ते तर अंगातच असतं. त्याने टोपी काढून छातीशी धरली. आवाज चढत गेला. संघ, न्याय, शांतता, संरक्षण, कल्याण. मग ‘स्वातंत्र्याचं वरदान’ यायला हवं होतं. पण स्वातंत्र्य हा शब्द तोंडात आला आणि त्याच्या मागून लहानपणापासूनच्या सगळ्या चार जुलैंची भाषणं आली. लेलँड म्हणाला, “आणि जगण्याचा हक्क, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध—”

आमच्या बाजूला कुणाची पापणीही लवली नाही. निम्म्या हार्लोचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

घंटा वाजली. एकदा वाजून थांबली नाही, वाजत राहिली.

त्यानंतर काय झालं ते हार्लोच्या माणसाने सांगू नये असं आहे. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. ते आहेच त्यात, सगळ्या जगाला माहीत आहे, शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. कुणीतरी म्हणालं, बघितलंत, उघड उघड केलं. लेलँड तांबडा झाला होता. तो ऑर्फापाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “पाव महाग पडला आम्हाला.”

ऑर्फाने मागे बोट दाखवलं. “वाच.”

लेलँडने आमच्या माणसाच्या हातातली प्रत ओढली आणि बोट ठेवून वाचत गेला. खाली गेला, पुन्हा वर आला. मग त्यांच्या माणसाची प्रत घेतली, आपल्या प्रतीतच छपाईची चूक असेल अशा आशेने. गिलमोरबाई हळूच म्हणाल्या, “माफ करा हं, ते तुमच्या घटनेत नाहीये. ते तुमच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आहे. घटना लिहायच्या आधीचा.” पलीकडून हसू फुटलं आणि ते पाण्यावरून आमच्याकडे येऊन पुन्हा परत गेलं. कुणीतरी ओरडून विचारलं, सुखाचा शोध घटनेत नाही तर इतकी वर्षं घेत कुठे होतात?

लेलँड आडदांड आहे, पण खोटा नाही. तो प्रत मिटून उभा राहिला. टोपी अजून हातातच होती. दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “ऑर्फा, मी वर्षभर तुझ्याबद्दल नको ते बोललो. माझा संशय खोटा होता. माफी मागतो.”

ती नुसती मान हलवून बसली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. ऑक्टोबर तिचा झाला होता, तोही न्यायाने. आम्ही तिला पुन्हा कधी काही विचारलं नसतं. तिने कठड्याकडे पाहिलं, हेझन उभा होता तिकडे. मग घंटा मांडीवरून उचलून पुलाच्या फळ्यांवर ठेवली, जीभ वाजणार नाही अशी धरून.

“खोटा नव्हता,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी मला ऐकू आलं होतं. मी वाजवली नाही. मला ऑक्टोबर हवा होता.”

गिलमोरबाईंनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, “मला घरी जाताना कळलं होतं की काहीतरी गाळलंय. मीही कुणाला बोलले नाही. माफ करा.” लेलँड एकदा ऑर्फाकडे, एकदा बाईंकडे बघत राहिला. वर्षभर तो ज्या गोष्टीमागे धावला ती हातात आली होती, आणि आता ती ठेवायची कुठे ते त्याला कळत नव्हतं.

“ऑक्टोबर का पण?” तो म्हणाला. “तुला कसला ऑक्टोबर?”

ऑर्फाने पुन्हा कठड्याकडे पाहिलं. आता सगळे ती बघत होती तिकडे बघायला लागले होते. हेझन कठड्यापासून सरळ झाला. एक क्षण तो इकडे येईल असं वाटलं. मग त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि आपल्या काठाकडे चालू लागला.

बाकीचं ठरवायला वेळ लागला नाही. गिलमोरबाईच म्हणाल्या, गेल्या वर्षी आम्ही तुमचा नोव्हेंबर खाल्ला, या वर्षीचा तुम्ही घ्या. पलीकडच्या काहींना ते पटलं नाही, कारण यंदाचा डाव तर धडधडीत त्यांचा होता. पण बाईंनी शाळेत शिकवलेली माणसं बाईंसमोर फार वेळ वाद घालू शकत नाहीत. घंटा पुढच्या वर्षी कुणाकडे, हे मात्र ठरलं नाही. दोन्ही गावांचे लोक एकमेकांची नावं सुचवून हसत राहिले. ऑर्फा एकटीच घरी गेली. तिने फार्मवर फोन करून ऑक्टोबरची टर्की रद्द केली.

पुढच्या शुक्रवारी तिने पाव केला. करू की नको असं तिला वाटलं होतं, असं ती नंतर म्हणाली. पण पीठ भिजवलेलं होतं. लेलँडने तिला जाताना पाहिलं आणि या वेळी तो शिडीवर चढला नाही. कॅनडाच्या शिपायाने टॉवेल उलगडला नाही. धक्क्याजवळच्या गल्लीत ती वळली, आणि पायरीवर डबा नव्हता.

इथून पुढचं गिलमोरबाईंनी त्यांच्या खिडकीतून पाहिलं. पडद्याआडून, हे त्याच सांगतात. ऑर्फा रिकाम्या पायरीकडे बघत उभी राहिली. मागच्या आठवड्याचा डबा परत आला नाही, याचा एकच अर्थ तिला लागत होता. ती वळली. आणि तिच्यामागे दार वाजलं. उघडलं ते हातभरच. फटीत हेझन, हातात धुतलेला डबा.

“यात काकवी कमी पडते हल्ली,” तो म्हणाला. “आईचा असा नव्हता.”

ऑर्फा पायरीपाशी परत आली. “काकवी तुमच्याच दुकानातली आहे. तुमच्याच देशाची.”

“मग पिठात खोट असेल. पीठ कुठलं?”

“आमचं.”

“वाटलंच मला.” त्याने नवा डबा घेतला. जुना दिला. दार तसंच हातभर उघडं होतं. “एवढ्या लोकांसमोर सांगायची काय गरज होती, ऑर्फी?”

“तो माफी मागत होता.”

हेझनने यावर बराच विचार केला असावा, कारण बाई म्हणतात की पडदा धरून त्यांचा हात दुखायला लागला. मग तो म्हणाला, “तुमचा नोव्हेंबर मला नाही जमणार. आमच्याकडे साधा गुरुवार असतो.” हे त्याने दफनाच्या दिवशी म्हटलं होतं तेच, पण आवाज तो नव्हता. “कॉफी टाकलीय. ओतून देण्याइतकी आहे.” ऑर्फा आत गेली. गिलमोरबाईंनी पडदा सोडला, असं त्या सांगतात. आम्हाला ते खरं वाटत नाही.

नोव्हेंबरचं जेवण हार्लोच्या तळघरात झालं. बाहेर पहिलं बर्फ भुरभुरत होतं आणि सेंट ब्रेंडनचे लोक बूट झाडत, असले कसले आभार म्हणत पायऱ्या उतरत होते. हेझन आला नाही. हंगाम उघडला होता, बोट समुद्रावर होती. ऑर्फाने काळा पाव आणला होता. तो टेबलावर कापताना तिने टोकाचा तुकडा, जो सगळ्यात जास्त काकवी धरतो, बाजूला काढला, कागदात गुंडाळला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

समोर लेलँड बसला होता. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

“कुणासाठी गं ते?” त्याने विचारलं.

“भावासाठी,” ऑर्फा म्हणाली, आणि बटाटे त्याच्याकडे सरकवले.